मागून येतोय

तिसऱ्या तासाला वर्गातल्या गरम पाण्याच्या नळ्या थंड पडल्या. मुलांनी कोट चढवले. बेकतूरने नळीवर हात ठेवून पाहिलं, खडू टेबलावर ठेवला आणि तो खाली तळघरात गेला.

एसेनकाका भट्टीसमोर खुर्चीत बसले होते. फावडं मांडीवर आडवं. भट्टीचं दार उघडं होतं आणि आतले निखारे राखाडी झाले होते. शेजारी चहाचा कप, वर साय धरलेली. बेकतूरने हाक मारली. पुन्हा मारली. मग तो समोरच्या पालथ्या बादलीवर बसला. दोन हिवाळे तो रोज मधल्या सुट्टीत तिथंच बसत आला होता. आज दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही.

वर मुलांनी बाकं वाजवायला सुरुवात केली तेव्हा तो उठला.

झूराकाकू शाळेच्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होत्या. त्यांनी बेकतूरचं तोंड पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

"गेला?"

बेकतूरने मान हलवली.

"काही खाल्लं होतं का त्यानं?"

बेकतूरला ते माहीत नव्हतं. नंतर दिवसभर त्याला दुसरं काही सुचलं नाही. काही खाल्लं होतं का त्यांनी?

दुपारपर्यंत शाळेमागच्या अंगणात, कोळशाच्या ढिगाशेजारी, नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, गोल तंबू उभा राहिला. एसेनकाकांना आत पडद्यामागे ठेवलं. तंबूच्या दाराशी काठीवर वाकून उभं राहायला मुलगा लागतो, निदान भाऊ लागतो. त्यांच्या गावाहून, तलासहून, भाऊ निघाला होता, पण घाटात बर्फ होतं. बेकतूरने कमरेला पट्टा आवळला, काठी घेतली आणि तो उभा राहिला. लोक फाटकापासूनच "अरे माझ्या भावा" करत मोठ्याने रडत यायचे, त्याच्या गळ्यात पडायचे आणि आत जायचे. आत शांत होतं. ती शांतता सगळ्यांना खटकत होती.

आत बाईनं भिंतीकडे तोंड करून बसायचं असतं. गेलेल्याचं गाणं बांधायचं असतं, त्यातच त्याचा जन्म, त्याचे गुण, त्याचा घोडा, सगळं यायला हवं. बायको, आई, बहीण, लेक, कुणीतरी. एसेनकाकांच्या मागे यातलं कुणी नव्हतं.

"बाई रडत नाही तो तंबू नुसताच तंबू," असं ते स्वतःच एकदा म्हणाले होते. "तसले सैन्यात पुष्कळ पाहिले."

ते या गावचे नव्हते. अफगाणिस्तानातून जी माणसं परतली ती आपापल्या गावी गेली. हे एकटे भलत्याच गावी येऊन राहिले. सामुदायिक शेती होती तोवर ट्रॅक्टर चालवला. शेती मोडली, ट्रॅक्टर कुणीतरी नेला. मग लोकांची मेंढरं राखली. मेंढरं कमी झाली तेव्हा शाळेची भट्टी हाती आली. दर फेब्रुवारीत, सैनिकांच्या दिवशी, मुख्याध्यापक त्यांना कोटाला बिल्ला लावून मुलांसमोर उभं करायचे. कुणीतरी विचारायचंच, "काका, युद्धात तुम्ही काय केलं?"

"मोजे वाळवले," ते म्हणायचे. "ओल्या पायांनी कुणी शूर होत नाही."

मुलं हसायची. मुख्याध्यापक हसायचे नाहीत.

बेकतूर बिश्केकला साहित्य शिकून आला होता. शहरात काही जमेना म्हणून गावच्या शाळेत लागला. पहिल्याच हिवाळ्यात ऊब शोधत तो तळघरात उतरला आणि तिथलाच झाला.

"साहित्य म्हणजे काय रे?" एसेनकाकांनी विचारलं होतं.

"लोकांनी जे सांगितलं ते."

"आणि सांगितलंच नाही ते?"

"तेही. तेच जास्त."

"मग तुला पुष्कळ वर्षं लागतील."

या वसंतात शहरातल्या एका मासिकात त्याला जागा मिळणार होती. त्याने ते सगळ्यांत आधी तळघरात सांगितलं. एसेनकाका खूश झाले. त्यांनी कपात स्वतःच्या वाटणीचं दूधही ओतलं.

"जायचं तर झटक्यात जा," ते म्हणाले. "एवढं गवत कापून जातो, असं कुणाला म्हणू नकोस. मी म्हणालो होतो."

गवत बुबुशआजीचं होतं.

तुरात हा तिचा एकुलता एक मुलगा. तो आणि एसेनकाका एकाच तुकडीत होते. तुरात जस्ताच्या पेटीत बंद होऊन घरी आला आणि पेटीबरोबर एसेनकाकांना पाठवलं. तेव्हा त्यांचं वय वीस. उन्हाळ्याचे दिवस. बुबुशआजी वर डोंगरातल्या कुरणावर होती, घोड्यांच्या धारा काढत होती. पेटीबरोबर आलेल्या अधिकाऱ्याला घाई होती. पेटी त्याच दिवशी मातीत गेली.

आईच्या कानावर घालायचं राहिलं.

ही गोष्ट कुणी एकट्याने, वाटेत, उभ्याउभ्या करायची नसते. वडीलधारी माणसं जमतात, सकाळी जातात, बसतात. जन्माला आलेला कुणी राहत नाही, इथपासून सुरुवात करतात. मग हळूहळू जवळ येतात आणि शेवटी नाव घेतात. नाव घेतलं की सगळे एकदम मोठ्याने रडतात, म्हणजे तिला एकटीला रडावं लागत नाही. सासरकडचे थोरले ओमोरआबा होते. त्यांना वाटलं, हा मान तिच्या भावाचा. भावाला वाटलं, पोरगा त्यांच्या कुळातला, मान त्यांचा. दोघं एकमेकांचा मान राखत थांबले.

एसेनकाकांना वाटलं, सांगून झालं असणार. दोन शब्द बोलावेत म्हणून ते पिठाच्या ट्रकमध्ये बसून कुरणावर गेले. गणवेश दिसताच ती हातातली दुधाची बादली टाकून धावत आली.

"तू तुरातचा दोस्त. फोटोत आहेस तू त्याच्याशेजारी. तो कुठंय?"

"मी सगळीकडे पाहिलं," एसेनकाका बेकतूरला सांगत होते. "एकही पांढरी दाढी नाही. घोड्या, कुत्रं आणि ती. मी पोरसवदा, त्यात परका. परक्याने सांगायचं नसतं. मी म्हणालो, मागून येतोय."

"आणि मग?"

"मग तिने घोडीच्या दुधाचा वाडगा भरून दिला. प्यालो. म्हणाली, तो येईपर्यंत गवताला हात लाव. लावला."

रजा संपली तसे ते परत लढाईवर गेले. तिथून सुटल्यावर तलासची गाडी न धरता इथली धरली. तोवर गवत पुन्हा वाढलं होतं.

गावाला पहिल्या वर्षी लाज वाटली. दुसऱ्या वर्षी जास्त वाटली. मग सवय झाली. शुक्रवारी घराघरांतून गेलेल्यांसाठी कणकेचे तुकडे तळतात, तेलाचा वास त्यांच्यापर्यंत पोचतो म्हणून. सगळ्या गावात फक्त बुबुशआजीच्या घरून वास यायचा नाही. त्या दिवशी एसेनकाका तिच्याकडे जायचे. कोळसा भरायचे, राख काढायचे. ती विचारायची, "काही कळलं का त्याचं?" ते म्हणायचे, "येतोय, आई." एवढंच. मग चहा.

एकदा ते बेकतूरला बरोबर घेऊन गेले. आजीला तोवर जवळजवळ दिसेनासं झालं होतं.

"हा कोण?"

"माझा दोस्त. पुस्तकं वाचतो."

"पोट भरतं का त्यानं?"

"नाही भरत, आई."

"मग उभा काय राहिलायस? वाढ त्याला."

परत येताना बेकतूरने विचारलं, "तिला खरंच माहीत नाही?"

"गिरणीला कबरस्तानावरून जवळ पडतं," एसेनकाका म्हणाले. "ती नदीकाठाने लांबून जाते. पाठीवर पोतं घेऊन. माहीत नसलेली बाई लांबून कशाला जाईल?" ते थोडं चालले. "माहीत असणं वेगळं. कुणीतरी येऊन सांगणं वेगळं."

"मग तुम्ही सांगा."

"मी? मी तर तो येतोय असं सांगणारा माणूस."

आता तंबूच्या दाराशी काठीवर वाकून बेकतूरला हेच सगळं आठवत होतं. संध्याकाळी तो ओमोरआबांसमोर जाऊन बसला. आबांनी पंचाऐंशी ओलांडली होती. बुबुशआजीचा भाऊ कधीच गेला होता, त्याचे मुलगे तेवढे होते.

"आबा, एसेनकाकांना रडायला बाई नाही. बुबुशआजीला बोलवायला पाहिजे. तिला ते लेकासारखे होते."

"बोलवायचं म्हणजे आधी सांगायला पाहिजे."

"सांगा."

"काय सांगू? एसेन गेला म्हणून सांगितलं की ती विचारणार, मग माझ्या तुरातचा निरोप आता कोण आणणार?"

झूराकाकू चहा ओतत होत्या. "तेव्हा तुम्हाला दात होते, तेव्हा बोलला नाहीत," त्या म्हणाल्या. "आता दात नाहीत म्हणून बोलत नाही. तुमचं बरं आहे."

"तू गप बैस, झूरा."

"मी बसतेच आहे. सगळं गाव बसलंय."

आबांनी दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "सकाळी जाऊ."

सकाळी एसेनकाकांचा भाऊ रिसबेक ट्रक घेऊन पोचला. तो दाराशी रडला, मग डोळे पुसून आकाशाकडे पाहू लागला. दुपारनंतर घाट बंद होणार होता. माणसाला त्याच्या वाडवडिलांच्या मातीत ठेवायचं असतं. त्यावर कुणी काही बोलू शकत नव्हतं.

"तो इथं काय करायचा?" त्याने बेकतूरला विचारलं.

"भट्टी सांभाळायचे."

"बायको?"

"नव्हती."

रिसबेक म्हणाला, "आम्हाला इतकी वर्षं वाटायचं, इथं बाई असणार. नाहीतर माणूस परत का येत नाही? आमची आई मरेपर्यंत त्या बाईला शिव्या देत होती."

ओमोरआबा, पांढऱ्या दाढीचे आणखी तिघे, झूराकाकू आणि मागे बेकतूर, असे सगळे बुबुशआजीच्या घरी गेले. ती चुलीपाशी बसली होती. इतकी पावलं एकदम ऐकून तिने हातातलं लाकूड खाली ठेवलं. एवढी माणसं एकत्र कशाला येतात ते प्रत्येकाला माहीत असतं. ती डोक्याचा रुमाल नीट करून बसली.

आबांनी सुरुवात केली. डोंगर झिजतात. नदीही आटते. जन्माला आला तो पाहुणा, आणि पाहुण्याला कुणी कोंडून ठेवत नाही. त्यांचा आवाज आधी कापत होता, मग कापेना. बेकतूरच्या लक्षात आलं, ही वाक्यं काल रात्री जुळवलेली नव्हती. ती फार जुनी होती. म्हाताऱ्याने ती पस्तीस वर्षं तोंडात धरून ठेवली होती.

"बुबुश," आबा म्हणाले, "तुझा तुरात गेला. आम्हीच त्याला माती दिली. तुला सांगितलं नाही."

ते तिथं थांबले. पुढचं नाव, एसेनचं, घ्यायला त्यांनी श्वास घेतला, हे बेकतूरने पाहिलं. पण नाव घेतलं की रडायचं असतं. बाकीचे तिघे "अरे माझ्या लेकरा" करत रडू लागले. झूराकाकू आजीच्या गळ्यात पडल्या. आबाही रडू लागले, आणि त्यांचं रडणं खरं होतं. ते थांबेना.

बेकतूर दारात उभा होता. तो परका नव्हता, पण तो वडीलधाराही नव्हता.

"तंबू उभारलाय का?" आजीने विचारलं.

"उभारलाय," झूराकाकू म्हणाल्या.

"मला न्या."

दूर कुठे मेलेल्यासाठीसुद्धा गावात रिकामा तंबू उभारतात. तिला तसंच वाटलं असणार. तिने काही विचारलं नाही. झूराकाकूंनी तिला धरून आत नेलं. पडद्यापलीकडे कुणीतरी आहे हे तिला दिसलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसली, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि गाऊ लागली.

दारात घोडा बांधून ठेवला, खोगीर उतरवलं नाही रे,
न्हाणीचं पाणी चुलीवर ठेवलं, निवू दिलं नाही रे,
लांबच्या वाटेनं पोती वाहिली, जवळची तुडवली नाही रे,
तुरात माझ्या, तुरात माझ्या, मी म्हातारी झाले नाही रे,
तुला ओळखू यावी म्हणून.

अंगणातली माणसं उभी होती तिथंच थांबली. असं गाणं या गावात कुणी ऐकलं नव्हतं. ते संपेना. त्यात तुरातचा पहिला दात होता, त्याचा ताप होता, भरतीच्या दिवशी त्याने विसरलेली टोपी होती. एसेनकाकांचं नाव त्यात एकदाही आलं नाही.

बेकतूर झूराकाकूंजवळ गेला. "तिला सांगायला पाहिजे. पडद्यामागे ते आहेत."

"रडणाऱ्या बाईला मध्येच थांबवत नाहीत."

"पण ती त्यांच्यासाठी रडत नाहीये."

झूराकाकूंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे सुजले होते. "आत बाई रडते आहे ना? तंबू नुसता राहिला नाही. एवढ्यात भागव, बाळ."

रिसबेक आत आला आणि हळूच म्हणाला, "उशीर होतोय." आजीला हात धरून बाहेर नेलं, दुसऱ्या बाजूने. चौघांनी एसेनकाकांना नमद्यात गुंडाळून ट्रकमध्ये ठेवलं. बाया मातीला जात नाहीत, त्यामुळे कुठे नेतात हे आजीने विचारलं नाही. मुल्लांनी सगळ्यांना विचारलं, "कसा माणूस होता?" सगळे म्हणाले, "चांगला होता." ट्रक सुरू व्हायला वेळ लागला. मग तो गेला. बेकतूरच्या हातात काठी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी तो ओमोरआबांकडे गेला.

"अर्धंच सांगितलंत, आबा."

आबा अंथरुणात होते. एका दिवसात ते लहान दिसू लागले होते. "माझ्या वाट्याचं मी सांगितलं," ते म्हणाले. "एसेन आमच्या कुळाचा नव्हे. तो तिच्या घरी राबला. त्याचं तिच्या माहेरच्यांनी सांगावं. त्यांचा मान आहे."

माहेरचे भाचे अंगणात बर्फ ओढत होते. "आबांनी सुरुवात केली," थोरला म्हणाला, "शेवटही त्यांनीच करायला हवा. मध्येच आम्ही तोंड घालणं बरं दिसत नाही, मास्तर."

धाकटा म्हणाला, "उन्हाळ्यात बघू."

शुक्रवारी बेकतूर बुबुशआजीच्या घराकडे निघाला. फाटकाशीच त्याला तेलाचा वास आला. तो थांबला. मग आत गेला.

चुलीवर कढई होती. ताटात तळलेले सात तुकडे वेगळे काढलेले. आजी शेजारी बसली होती, डोक्याला नवा रुमाल.

"एसेन?"

"नाही, आजी. मी बेकतूर."

"पुस्तकवाला. बस. हे तुरातचे आहेत. तुला काही येत असेल तर म्हण त्याच्यासाठी."

बेकतूरने हात उघडून जेवढं येत होतं तेवढं म्हटलं. आजीने तोंडावरून हात फिरवला. मग ती म्हणाली, "एसेन तंबूपाशी नव्हता का? आवाज आला नाही त्याचा."

बेकतूरने ताट तिच्याजवळ सरकवलं.

"लाजला असेल," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं रे. पहिल्याच दिवशी. कुरणावर आला तेव्हा वाडगा धरताना त्याचे हात बघितले मी. तेव्हा दिसायचं मला." तिने चाचपडत एक तुकडा ताटात सरळ केला. "विचारत राहिले, कारण मी विचारलं नसतं तर तो कशाला आला असता? त्याचं गाव होतं, आई होती. मी विचारायची, तो थांबायचा. वाईट केलं मी. पण घरात दुसरं कुणी नव्हतं."

कढईतलं तेल हळूहळू शांत होत होतं.

"आता सांगून झालं. आता मी विचारणार नाही. त्याला सांग, जा म्हणावं आपल्या गावी. लग्नाचं वय गेलं, पण गाव तर आहे. माझ्या देखत जाऊ दे त्याला." ती थांबली. "कुठंय तो? आज शुक्रवार. असा उशीर करत नाही कधी."

बेकतूरने दाराकडे पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं. फाटकापाशी कुणी नव्हतं. रस्त्यावर एकही पांढरी दाढी दिसत नव्हती. फक्त बर्फ आणि शेजाऱ्यांचं कुत्रं.

"मागून येतोय," तो म्हणाला.

आजीने मान हलवली. ती त्याच्या दिशेने बघत राहिली, तो दिसत नसूनही. मग तिने आपले हात मांडीवर ठेवले आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बरं."

थोड्या वेळाने म्हणाली, "तोवर कोळसा आण आत. बादली दाराशी आहे."

बेकतूरने बादली उचलली. बाहेर गंजीत गवत फार उरलं नव्हतं.